वल्हांडणाचं चौथं वचन

कामोठे, १४ ऑगस्ट २००९

प्रिय पप्पा,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, ताप नाही, दोन्ही वेळ जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

स्वाइन फ्लूने तू शिकवतेस ती शाळा बंद झाली, आता गावी निघून ये, असं तुम्ही लिहिलंत. मिसर देशावर देवाने पाठवलेल्या पीडा म्हणजे शेवटच्या न्यायाची सावली, हेही लिहिलंत. ती सावली मलाही दिसते. पण मी येणार नाही.

शेजारच्या सुरैय्याभाभी तापाने पडल्यात. नवरा मस्कतला आहे. बिल्डिंगमधलं कोणी त्यांच्या दाराशी फिरकत नाही. मी तोंडाला रुमाल बांधून पेज नेते. काल म्हणाल्या, "बेटी, तू नको येऊ, तुला होईल." मी म्हटलं, "आधी प्या."

वल्हांडण सणाचा बायबलमधला पाठ तुम्ही दरवर्षी सातव्या वचनापासून वाचता, मरणाने घर ओलांडून जावं म्हणून दाराला लावलेल्या कोकराच्या रक्तापासून. जरा चौथं वाचा. एका कोकराच्या मानाने घर लहान, खाणारी माणसं थोडी असतील, तर शेजाऱ्याला सोबत घ्यावं, असं तिथे आहे. शेवटल्या दिवशीही देव दारच बघणार असेल, तर एकाच दाराआड त्याला आम्ही दोघी सापडू.

माझी पत्रं तुम्ही चर्चच्या मंडळीत वाचून दाखवता. हेही दाखवा, एकही ओळ न गाळता.

माझं घर लहानच आहे, पप्पा. मी एकटी राहते.

तुमचीच हट्टी,
एस्तेर