आतलं टेबल

राजुरी,
२ डिसेंबर २०२५

आदेशदादास,

साधनाचा नमस्कार. हा पत्ता मी वहिनीच्या माहेरून मागून घेतला, त्यांच्यावर रागावू नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. तुझं आणि आण्णांचं काय झालं ते मी उकरणार नाही.

इकडे थंडी पडली आहे. कांद्याच्या लागणी चालू आहेत, बाया मिळत नाहीत. आण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंदच आहे.

रविवारी नारायणगावला गेले होते. तिथं एका मंगल कार्यालयात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार भरला होता. हौशी लोक रेडिओ, मीटर, सुटे भाग आणतात, विकतात, बदलून घेतात. मी तिथं टेबल भाड्यानं घेतलं. बाहेर मंडपात स्वस्त होतं, पण आयोजक म्हणाले, "ताई, जानकार मान्सं आत बसत्यात. भाईर नुसती फिरनारी." म्हणून आतलंच घेतलं. लोक थांबावेत म्हणून दुकानातले रेडिओ, मीटर, हेडफोन मांडले.

पण मला काही विकायचं नव्हतं. मधोमध टॉर्चएवढं एक यंत्र ठेवलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'हे विकायचं नाही. दुरुस्त करून हवं आहे.'

लोक रेडिओ उचलून बघायचे. एकानं विचारलं, "दाढीचं मशीन का हे?" दुसरा म्हणाला, "नवीन मागवा, दीड महिन्यात येतं." मी म्हटलं, दीड महिना नाही आमच्याकडे. बोलून गेले आणि टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायचं सोंग केलं.

शेजारच्या टेबलावर घोडेगावचे चिमाजी काळे म्हणून गृहस्थ होते. त्यांनी ऐकलं.

"पोरी, कुनाचं हाय हे?"

"वडलांचं. गळ्याला लावून बोलतात. स्वरयंत्र काढलंय त्यांचं."

दादा, हे तुला असं कळायला नको होतं. तू गेल्यावर आण्णांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. 'आदेशला कळवायचं नाही' असं त्यांनी पाटीवर लिहून माझ्याकडून वचन घेतलं. ते आज मोडते आहे. यंत्र गळ्याला टेकवून बटण दाबलं, की ओठ हलतील तसे घरघरत शब्द येतात. मागच्या महिन्यात ते हातातून पडलं आणि मुकं झालं. आता हात इतके थरथरतात, की पाटीवरचं अक्षर मलाही लागत नाही. गाठ परत आली आहे. डॉक्टर महिन्याचीही खात्री देत नाहीत.

चिमाजींनी आपलं गिऱ्हाईक सोडून यंत्र खोललं. आतली बारीक तार तुटली होती. जोडली, चाललं नाही. परत सोडवली, परत जोडली. लोक टेबलं आवरायला लागले. "न्हाई झालं तर वाईट वाटून घिऊ नको," ते म्हणाले. मग त्यांनी यंत्र स्वतःच्या गळ्याला लावलं आणि नुसते ओठ हलवले. घरघरत "रामराम" आलं.

घरी आण्णांना दिलं. त्यांनी ते कानाशी धरून बटण दाबून बघितलं. मग गळ्याला लावून म्हणाले, "आदेशला फोन लाव."

मी म्हटलं, तो उचलत नाही.

"मागल्या साली उचलला व्हता. दिवाळीत. प्रयागच्या फोनवरून केलता मी."

"मग?"

"कुनी मस्करी करतंय वाटलं त्याला. ठिवला." यंत्र परत टेकवून म्हणाले, "त्याची काय चूक? मला तरी कुठं वळखू येतो माझा आवाज."

दादा, प्रयागआत्याच्या नव्या नंबरवरून तुला गेल्या वर्षी आलेला तो फोन आठवतो का? मला ते माहीतच नव्हतं. नाहीतर हे वचन मी कधीच मोडलं असतं.

कुरिअरवाला म्हणतो, परवा पोचेल. पोचताक्षणी निघ. निघणं जमत नसेल तर माझ्या नंबरवर फोन कर. पलीकडून घरघर येईल, माणसाची वाटणार नाही. घाबरू नकोस. ठेवू नकोस. ते आण्णा आहेत.

फोन त्यांच्या उशाशी घेऊन बसलेली,
साधना