दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स

माय, तू मेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझ्यावर चिडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. जिवंत होतीस तेव्हा माझं बोलणं अर्ध्यावर तोडायचीस. आता ऐकून घे. काल धुळ्यात होतो. तुझ्या खानावळीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय, चुलीच्या जागेवर काचेचं कपाट आहे. मी कंपनीच्या कामानं आलो होतो. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या रॅली टीमचा मी मॅनेजर आहे, हे तुला कधी नीट कळलं नाही. शेजारणीला सांगायचीस, 'धाकला गाड्या धुवस.' तर रॅलीत गाड्या कच्च्या रस्त्यावर एकेक करून सोडतात आणि कोण पुढे ते घड्याळ ठरवतं. मधे ठरावीक वेळ मिळतो, तेवढ्यात गाडी दुरुस्त करायची आणि जशी असेल तशी परत रस्त्यावर काढायची. एरंडोलकडच्या मुरमाड वाटांवर दोन फेऱ्या झाल्या की गाडीची हाडं खिळखिळी होतात. अशा वेळी कुणाच्या ट्रकमध्ये काय सामान आहे यावर सगळं येऊन ठेपतं.

सामानाचा हिशेब मी तुझ्याकडूनच शिकलो. बाप गेल्यावर तू स्टँडमागे खानावळ काढलीस आणि आम्हा दोघा भावांना तालमीत घातलंस. दूध मात्र एकापुरतंच यायचं. ती सकाळ मला अजून दिसते. तू चुलीपाशी उकिडवी बसली आहेस, सायीसकट सगळं दूध दादाच्या पेल्यात ओततेस, मग रिकाम्या पातेल्यात तांब्यातलं पाणी घालून खळखळवतेस आणि ते पांढुरकं पाणी माझ्यापुढे सरकवतेस. मी एकदाच विचारलं, मला दूध का नाही? तू वरसुद्धा बघितलं नाहीस. म्हणालीस, 'दोन्हीस्ले अर्धं अर्धं पाजं ते दोन्ही पडतीन. एकले पुरं पाजसू, तवय एक ते उभा ऱ्हाई.' मी म्हटलं, 'आन् मी?' 'तुनं काम पडानं शे. तू पडशी, तवय तो शिकी.' मग मी पडत राहिलो. दादाला डाव बसवायला कुणीतरी अंग टाकायला हवं होतं, ते अंग माझं. एकदा दारामागच्या मोकळ्या जागेत सराव करताना मीच दादाला चीत केलं. तू भाकरी थापता थापता ते पाहिलंस. मला वाटलं, आता पेला बदलणार. दुसऱ्या दिवशीही दूध दादालाच होतं.

निवडचाचणीला आपण तिघं जळगावला गेलो. तिथे कुस्ती गादीवर होती आणि दादानं जन्मात गादीवर पाय ठेवला नव्हता. आपली सगळी तयारी मातीतली. समोरचा पोरगा मोठ्या तालमीचा. त्याला सरावाला गादी, मालिशवाला, सांगायला वस्ताद आणि आपटायला हव्या त्या वजनाची पोरं. दादाचा पाय गादीवर सरकला, त्यानं स्वतःला सावरेपर्यंत पाठ टेकली होती. त्या पोराचाही पाय कधीतरी असाच सरकला असेल, पण त्याच्या स्वतःच्या तालमीत, कुणी बघत नसताना. पैशानं जोर येत नाही माय, चुकायची सोय मिळते. मोठ्या कंपन्या रॅलीआधी कित्येक महिने अशाच रस्त्यांवर गाड्या मोडून बघतात. आमची गाडी मोडते ती थेट घड्याळासमोर. हे मला आता समजतं. त्या दिवशी परतीच्या एस्टीत तू सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीस आणि म्हणालीस, 'तू कच्चा पडना, म्हनीसन तो कच्चा ऱ्हायना.' हरला तो आणि मार मला. त्या थपडीबद्दल मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता कालचं. आमच्या दोन गाड्या आणि जादा गिअरबॉक्स एकही नाही. कंपनीनं दिलेल्या पैशात तो बसलाच नाही. शेजारी मोठ्या कंपनीच्या ट्रकमध्ये गिअरबॉक्स भाकरीच्या चवडीसारखे रचलेले. आमची दुसरी गाडी जामनेरची एक मुलगी चालवते. वडिलांच्या केळीच्या पिकअपवर हात बसलेला, भीती कशाशी खातात ते ठाऊक नाही. काल दुपारी ती आमच्या पहिल्या गाडीच्या पुढे होतीच, मोठ्या कंपनीची एक गाडीही तिच्या मागे होती. एवढी एक रॅली अशीच संपवली असती तर पुढच्या वर्षी पहिली गाडी तिला द्यावीच लागली असती. तेवढ्यात आमची पहिली गाडी आली, गिअर अडकलेला, आतून खडखडाट. ती चालवणाऱ्याचा फोटो कंपनीच्या प्रत्येक शोरूमवर लागलेला आहे. मी मेकॅनिकला सांगितलं, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स काढ आणि हिला बसव. तो पाना घेऊन तिच्या गाडीखाली शिरला.

ती मुलगी हेल्मेट हातात घेऊन आली. 'भाऊ, माझी गाडी पळतेय. बिघडलीय ती त्यांची.'

'त्यांची गाडी शेवटपर्यंत जायला पाहिजे.'

'आणि मी?'

मी तुझ्यासारखाच वर न बघता म्हणालो, 'एकच गाडी पुरी करण्याइतकं सामान आहे. तुझं काम त्या गाडीला सामान देण्याचं.' माझ्या तोंडात तू बोलत होतीस. आणि तेही खोटं होतं, कारण तिची गाडी पडणारच नव्हती. चांगली उभी होती, तिला मी पाडलं. हातात पैसा कमी असला की जास्त पळणारी गाडी निवडता येत नाही, ज्याच्यावर आधीच खर्च करून बसलो त्यालाच वाचवत बसावं लागतं. मी दादाला चीत केलेलं तू पाहिलंस तेव्हा तुझंही हेच झालं असणार. पहिली गाडी रडतखडत शेवटपर्यंत गेली, मोठ्या कंपनीच्या दोन्ही गाड्यांच्या मागे. संध्याकाळी वरून फोन आला. जिंकत नाही तर पुढच्या वर्षी एवढेसुद्धा पैसे कशाला, म्हणाले.

नंतर मी त्या मुलीसाठी चहा घेऊन गेलो. ती आपल्या उघड्या, रिकाम्या गाडीशेजारी टायरवर बसली होती. तिनं पेला घेतला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि सगळा चहा सावकाश मातीत ओतला. रिकामा पेला माझ्या हातात परत दिला. मला राग आला नाही. मला तिचा हेवा वाटला.

हे सगळं दादाला वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसलो होतो. तो आता जळगावला एका बँकेच्या दारात खुर्ची टाकून बसतो, गुडघा वाकत नाही. त्याला नाही दाखवणार. पातेल्याचं पाणी मी इतकी वर्षं प्यालो, एकदाही तुझ्यासमोर ओतून दिलं नाही. तुझ्या धाकानं नाही, माय. ते मला गोड लागायचं.