चार नंबरच्या बॅटरीचं रीडिंग

रवि. ४ मे

बोट पथकाची बैठक. गेल्या पावसाळ्याचं खापर शेवटी माझ्यावरच फुटलं. पथकाचे प्रमुख पाटील हवालदार (निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आवाज अजून परेडचाच) सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमी वहीत लिवलंय आठ पॉइंट दोन. आन बोटीत सेट मेला. मंग खोटं कोण? वही का सेट?"

दोन्ही नाही, म्हटलं. पण तोवर सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली होती.

पुरात विकास पाच माणसांना बोटीतून आणत होता. विकास म्हणजे हवालदारांचा पुतण्या. त्याच्याकडे चार नंबरचा वॉकीटॉकी. मी इकडे विश्रामबागेत घरी, मुख्य सेटवर. "बाई, इंजिन बंद पडलं, आमी..." एवढंच आलं. पुढे पाऊण तास काही नाही. मी हाका मारतेय, मारतेय. बोट बाभळीला अडकली म्हणून सहाही जण परत आले. नाहीतर...

तेव्हापासून एकच पालुपद, बाईंनी बॅटरी चार्ज केली नव्हती. केली होती! त्या सकाळी माझ्या हातांनी मोजली होती. ८.२ व्होल्ट. भरलेली.

१ जूनला वर, तहसीलच्या पूर कक्षात यादी द्यायची, किती सेट तयार आहेत त्याची. त्यावर सही आजवर माझी. हवालदार म्हणतात, यंदा दुसरं कोणी बघेल. बघेना का. पण चार नंबर का मेला हे कळेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही.

सोम. ५ मे

चार नंबरची बॅटरी चार्जरवर. हिरवा दिवा लागल्यावर लगेच मोजली, ८.४. दुपारी ८.३. संध्याकाळी ८.२. कोणी हातही लावला नाही, तरी उतरतेय.

मग सेटला लावली. सेटच्या पडद्यावर ८.०. विकास त्याचा मीटर घेऊन आला होता, त्याच्यावरही ८.०. म्हणतो, "बाई, तुमचा मीटर थापा मारतोय." माझा मीटर! कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली मी. मीटर थापा मारतो म्हणे.

आणि बॅटरीच्या लेबलवर छापलंय ७.४. बॅटरी एक, आकडे इतके. कोणत्या आकड्यावर माझी अब्रू ठरवायची ते तरी सांगा.

बुध. ७ मे

माझ्या मीटरच्या पोटातली चौकोनी बॅटरी बदलली. चार नंबर लगेच ८.२ वरून ८.० वर आली. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो जास्त दाखवतो! पोरांचे मीटर दर सत्राला तपासायचे मी. स्वतःचा तपासला नाही.

विकासला फोन केला. तुझा मीटर बरोबर होता, म्हटलं. सांगताना जिवावर आलं. तो हसला नाही, बरं केलं.

लेबलचंही कळलं. ७.४ हा मधला आकडा, भरलेली ८.४ पर्यंत जाते. आणि चार्जरवरून काढल्यावर थोडी उतरते ती सगळ्यांचीच. म्हणजे ८.० ही काही मेलेली बॅटरी नव्हे. मग बोलता बोलता गेली कशी?

बाराही बॅटऱ्या मोजल्या. सगळ्या ८.० नाहीतर ८.१. चांगली कुठली, वाईट कुठली, काही कळेना. पुन्हा मोजल्या. तेच. आज भाजी करपली.

शनि. १० मे, सातारा

सकाळच्या एसटीनं. बारा बॅटऱ्या एकेक रुमालात गुंडाळून पिशवीत, सेटही एक. मलकापूरला गाडी अर्धा तास जागची हलली नाही. शेजारचे आजोबा पिशवीकडे बघून म्हणाले, "पेढे व्हय?" व्हय, म्हटलं.

सलीमभाईंचं दुकान म्हणजे एक टेबल आणि एक खिडकी. पण असले पॅक उघडून सेल बदलणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. मी वही उघडून आकडे वाचायला लागले. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, ह्ये बसल्याजागचं झालं. बोलताना किती हाय?"

"बोलताना म्हणजे?"

"बटण दाबून वं. सेट नुसता ऐकत असतोय तवा बॅटरीला काय काम न्हाई. बोलाय लागला की खरं वजन पडतंय तिच्यावर."

मी स्टुलावर बसलेच. कारण हे मला माहीत होतं. आज नव्हे, अठ्ठावीस वर्षं माहीत होतं! सेलच्या अंतर्गत रोधाचा प्रयोग दर वर्षी मीच मांडून द्यायचे. कळ उघडी ठेवून एक रीडिंग, कळ दाबून दुसरं. दोन्हींत जितका फरक जास्त, तितका सेल आतून थकलेला. आणि मीच दर तुकडीवर ओरडायचे, कळ दाबून ठेवू नका, सेल उतरेल! त्यात पथकाचा नियम, हवालदारांनी फौजेतून आणलेला, निरोप नसेल तर बटण दाबायचं नाही. दोन्ही शिस्ती मी पाळल्या. वर्षभर रोज सकाळी मोजलं आणि मोजताना एकदाही बटण दाबलं नाही.

सलीमभाईंनी गाडीच्या ब्रेकलाइटचा बल्ब काढला, दोन वायरी, दोन चिमटे. सेट बोलताना जेवढा करंट ओढतो, साधारण तेवढाच हा बल्ब ओढतो म्हणाले. सात नंबर लावली. ८.० वरून ७.६, आणि तिथेच ठाम. बल्ब लख्ख.

चार नंबर. ८.०. बल्ब लावला. ७.१. ६.६. ६.१. बल्ब पिवळा पडला, विझला. चिमटा काढला तर आकडा हळूहळू वर. ७.८! जसं काही झालंच नाही.

"बघा," सलीमभाई म्हणाले, "झोपून हाय तवर तब्येत एकदम बेस. उठवली की चक्कर."

बाराही लावून बघितल्या. पाच पडल्या. २, ४, ५, ९, ११. बल्ब आणि वायरी त्यांनी मला देऊन टाकल्या.

परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडले. पाच. आणि गेल्या वर्षी पाचहीसमोर माझ्या अक्षरात लिहिलंय, ठीक.

रवि. ११ मे

वहीत गेल्या वर्षीच्या त्या पानावर लाल शाईनं लिहिलं. बॅटरी चार्ज केली होती, हे खरं. बॅटरी आतून संपलेली होती आणि मी ती पास केली, हेही खरं. खाली सही केली. आता कोणी खोटी म्हणून दाखवावं.

विकासला बोलावून बल्ब दाखवला. चार नंबर विझताना तो बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, एक सांगू? तुमचा आवाज येत व्हता मला."

"कधी?"

"बोटीत. तुमी हाका मारत व्हता ते समदं ऐकू येत व्हतं. मी बटण दाबलं की सेट बंद. सोडलं की परत चालू, परत तुमीच. पाऊण तास. मी लय वेळा दाबलं."

मग बोलला का नाहीस रे कोणाला, विचारलं. काकांना सांगितलं होतं म्हणे. ते म्हणाले, पाणी गेलं असंल सेटात.

मी कोरड्या खोलीत बसून ओरडत होते आणि तो ते सगळं ऐकत होता. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. की नको होतं? काही असो. यंदा हे होणार नाही. होऊ देणार नाही.

रवि. १८ मे

बैठक. टेबलावर बल्ब मांडला. आधी माझी चूक सांगितली, उभं राहून, काही न लपवता. सगळे एकदम प्रेमळ झाले. "असू द्या हो बाई, माणूस हाय, चुकतंय." कोषाध्यक्षांनी तर टाळ्या वाजवल्या. विषय संपला म्हणून उठायलाच लागले!

बसा, म्हटलं. चूक माझी संपली, बॅटऱ्यांची नाही. पाचही लावून दाखवल्या. पाचही वेळा बल्ब विझला. हवालदार मिशीवर बोट ठेवून बघत होते.

शेवटी म्हणाले, "नवीन मागवू. येतील तवा येतील. यादीत बाराच जातील. गेल्या साली बारा व्हते."

"गेल्या साली सात होते. आपल्याला माहीत नव्हतं."

"पुराच्या दिवशी समद्या फुल चार्ज करून देऊ की."

"त्या दिवशीपण फुल होती हवालदार!"

माझा आवाज चढला. चढू दे.

बुध. २८ मे

हवालदार घरी आले. एकटेच. यादी टाइप करून आणलेली. बारा सेट, बारा 'ठीक', खाली माझ्या नावापुढे मोकळी जागा. म्हणजे सही माझीच लागते अजून. दुसरं कोणी बघणार होतं ना?

चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, सात दाखवले तर आपल्या दोन बोटी काढून दुसऱ्या पथकाला देतील. आन हरिपूरच्या अंगाला पानी चढलं की कोण जानार वो? आमीच जानार. मंग बोट नगं?"

खोटं बोलत नव्हते. त्यांना माणसं दिसतात, पाण्यात थांबलेली. मलाही दिसतात. फरक एवढाच की मला बोटीतली माणसंही दिसतात.

म्हटलं, "विकास तुम्हाला सांगत होता, बटण दाबलं की बंद पडतंय. तुम्ही पाणी म्हणालात."

कप खाली ठेवला त्यांनी. "मला काय ठावं वो. सेट वाळवून बघितला तर चालू झाला. मला वाटलं, पोरगं घाबरलं आसंल."

"मीपण आठ पॉइंट दोन बघून ठीक लिहिलं. दोघांनी मिळून त्याला पाठवलं. आता दोघांनाही माहीत आहे. आता पाठवलं तर त्याला काय म्हणायचं?"

उठले. यादी तिथेच ठेवून गेले. मी पाच ओळी खोडल्या, समोर 'नापास' लिहिलं, एकूण सात केलं, मग सही करून यादी त्यांच्या घरी पाठवली. बारावर सही मिळणार नाही. मला पथकातून काढा, विश्रामबागेत माझ्या नावानं शंख करा, मिळणार नाही.

रवि. १ जून

सकाळी मी बाजारात असताना हवालदारांचा माणूस येऊन सेटची पेटी घेऊन गेला. शेजारच्या वहिनींनी माझ्या घराची किल्ली दिली, त्यांना काय माहीत. त्याच्याजवळ नवी यादीही होती म्हणे, पुन्हा बाराची. सहीचं पूर कक्षात बघू, असं सांगून गेला.

पेटी नेली. पण त्या पाच सेटांच्या पाठी मोकळ्या आहेत. पाच बॅटऱ्या मी परवाच काढून तांदळाच्या डब्यामागे ठेवल्यात.

चारच्या सुमाराला हवालदारांचा फोन.

"बाई, पाच बॅटऱ्या कुठायत?"

"माझ्याकडे."

"ह्ये बरं न्हाई. पथकाचा माल हाय तो."

"आहे की. मी कुठे खाल्ल्यात? आत्ता या आणि घेऊन जा."

"द्याल?"

"देईन. बल्ब जोडून ठेवते. चार नंबर तुमच्या हातानं लावा. बल्ब पेटून राहिला तर बाराच्या यादीवर सही करते. विझला तर ती बॅटरी विकासच्या हातात तुम्ही स्वतः द्यायची, माझ्यासमोर, त्याच्या डोळ्यांत बघून."

मला वाटलं फोन कापला. नव्हता कापला, त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. फोन कानाशी तसाच धरून मी तांदळाच्या डब्यामागून चार नंबर काढली आणि बल्बाशेजारी ठेवली.