पार्मिसचं बारसं

क्लाझोमेनाय,
अँथेस्तेरिओन महिना, वद्य पंचमी

चि. मिर्तिस हिस, आर्तेमोनदादाचे अनेक आशीर्वाद.

पहाटेपासून आईच्या मागाची किणकिण कानात आहे. मागाला लटकणारी ती मातीची वजनं एकमेकांवर आपटायची आणि त्या ठेक्यावर मी शाळेतल्या ओळी घोकायचो. शाळेत न जाताही तू त्या माझ्याआधी पाठ म्हणून दाखवायचीस. असो. बातमी लिहायची टाळतो आहे, हे तू ओळखलंच असशील.

पार्मिस जिवंत आहे. जहाज बुडालं म्हणून ज्याचे अंत्यविधी आपण देहावाचून उरकले, तोच माझा मुलगा परत आला. आला तोही नेमका पितरांच्या सणाला, भुतं आत शिरू नयेत म्हणून घरोघरी दारांना डांबर फासलेलं असताना. शेजाऱ्यांनी भूत समजून "सण संपला, चालते व्हा" असं ओरडत त्याला वेशीबाहेर घालवलं. आता तो बंदरावर, जाळी ठेवतात त्या झोपडीत राहतो. ज्याचे अंत्यविधी झाले त्याला ना घराचा उंबरा, ना देवळाची पायरी. सातूची भाकरी नि खारे मासे मी दुरूनच ठेवून येतो. वाऱ्याने त्याला खोकला धरला आहे.

पुजारी म्हणतात, उपाय एकच, त्याने पुन्हा जन्मावं. बायकांनी न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, अंगावर पाजणाऱ्या कुणीतरी दुधाचे थेंब ओठांना लावायचे, मग दहाव्या दिवशी नाव. जी पाजेल ती त्याची कायमची आई.

पार्मिस ऐकत नाही. विचारतो, "बाबा, आज जन्मलेल्याला बायको कुठून असणार?" फिलिन्नाला तिच्या भावाने दुसऱ्या घरी दिली, तिच्या मांडीवर तान्हं आहे, हे मी सांगून पाहिलं. तर म्हणतो, मी मेलोच नव्हतो, मग ते लग्न झालंच कसं?

गुरुजी सांगायचे, नव्याने काही उपजत नाही, समूळ काही नाहीसं होत नाही. असलेलंच एकमेकांत मिसळतं आणि पुन्हा सुटं होतं. तेव्हा कवितेसारखं गोड वाटायचं. आता उत्तर काय देऊ, तूच सांग.

म्हाताऱ्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

आर्तेमोन

*

तेओस,
वद्य नवमी

तीर्थस्वरूप दादास, मिर्तिसचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग तुझाच राग आला. गुरुजींना यात ओढू नकोस. त्यांनी कधी बाळंतिणीची खोली पाहिली होती का? भाजलेल्या भाकरीतून कुणी पीठ परत मागत नाही, एवढं मला चुलीपाशी कळलं. फिलिन्ना आता दुसऱ्या घरची झाली. ते खरं की खोटं याचा काथ्याकूट पोराचा खोकला थांबल्यावर करा.

पाजणारी शोध. गाढवावरून येणं माझ्या कमरेला झेपत नाही, आणि आले तरी या वयात माझा उपयोग काय! न्हाऊ घालताना पाणी कोमट असू दे. तू कढत ओतशील.

दुरून का होईना, पाठीवर हात असू दे.

तुझी मिर्तिस

*

क्लाझोमेनाय,
वद्य द्वादशी

चि. मिर्तिस हिस, आशीर्वाद.

पाजणाऱ्या होत्या तेवढ्या घरी जाऊन आलो. मेलेल्याच्या ओठी लागलं तर आपलं दूध आटेल, अशी प्रत्येकीला धास्ती. एकीच्या सासूने तर मला तोंडावर विचारलं, तुमच्या लेकासाठी आमचं नातवंड उपाशी मारू का? त्या माउलीचं तरी काय चुकलं?

पार्मिसला ताप चढला आहे. आत आणावं तर नियम, बाहेर ठेवावं तर वारा. न्हाणीसाठी परात आणून ठेवली, दुपटं म्हणून माझंच जुनं पांघरूण धुऊन वाळवलं. काल पुन्हा विचारलं. त्याने मान हलवून नकार दिला. त्याला घास भरवायला जवळ गेलो तर हातानेच मागे सारलं. बाबा, तुम्हांला विटाळ होईल म्हणाला. मी दूर जाऊन उभा राहिलो. जन्मभर शब्दांवर प्रेम केलं, मिर्तिस, पण त्याला घरात आणील असा एकही शब्द माझ्यापाशी नाही.

तुझी माया आहे, तेवढीच ऊब.

आर्तेमोन

ता. क. पत्र गुंडाळत होतो आणि दार वाजलं. पुजारी असतील म्हणून उघडलं, तर फिलिन्ना. नवऱ्याला न सांगता आलेली, एकटी, तान्हं कडेवर. जी पाजेल ती आई, हे तिला पुरतं ठाऊक आहे. आत ये म्हटलं, तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मामंजी, परात घेऊन बंदरावर चला. त्याला मी पाजते."