तुझ्या लग्नातलं नेटवर्क

कुमासी, घरचा व्हरांडा, सोमवार

चि. बिरागो (पुढे 'सौ.' लावायचं शनिवारी होता होता राहिलं, त्याबद्दलच हे पत्र) हिस मेन्सामामाचे भरभरून आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा रक्तदाब चढलाय, पण तो तुझ्या जन्मापासून चढलेलाच आहे. लीड्सला थंडी काय म्हणते? इस्पितळात दिवसभर उभी असतेस, तर पायमोजे दोन-दोन घालत जा. आणि उखळात कांडायचं फुफू तू म्हणे डब्यातल्या पावडरीचं करून खातेस. त्यावर मी काही बोलत नाही (बोललो तर पत्र तिथेच संपेल). पत्र एवढ्यासाठी की फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. तुझी आई फोन स्पीकरवर टाकते आणि मग अख्खी गल्ली तुझ्याशी बोलते.

तर शनिवारी पडदा काळा झाल्यावर इथे काय झालं, आणि त्याआधी काय काय झालं, ते क्रमानं सांगतो. तू लीड्सहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसणार, म्हणून लग्नाचं नेटवर्क सांभाळायचं काम तुझ्या आईनं मला दिलं, कारण मी जन्मभर ट्रोट्रोच्या तळावर प्रवाशांच्या गाड्या सोडल्या. तिचं म्हणणं, गाडी काय नि नेटवर्क काय, अडलेलं सोडवायचंच ना! (माझ्या बहिणीचं, मान्साचं, डोकं लहानपणापासून असंच चालतं. मी तिचा थोरला भाऊ असून अजून तिचंच ऐकतो.) मग मी फोनदुरुस्तीवाल्या बाईकडे गेलो. तिनं माझ्या फोनवर आणि तुझ्या भावाच्या कॉम्प्युटरवर एक अ‍ॅप घालून दिलं. फार गुणी अ‍ॅप आहे. ते लांबच्या यंत्राला हाक मारतं आणि ओ यायला किती वेळ लागला ते दाखवतं. ओ पटकन आली तर हिरवी रेघ, रेंगाळली तर पिवळी, आलीच नाही तर लाल. शिवाय आपल्या वायफायवर कोण कोण बसलंय त्यांची नावंही दाखवतं, आणि नको त्याला तोडताही येतं. खरं सांगतो, मला नादच लागला. जेवताना, प्रार्थनेला, न्हाव्याकडे, जाईन तिथे मी रेघ बघायचो. चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन चालू असताना मी मोठ्यानं "पिवळी!" म्हणालो. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

शनिवारी सकाळपासून रेघ पिवळी. नवरदेव आसिएदूकडची मंडळी दारूच्या बाटल्या नि कापडं डोक्यावर घेऊन दारात येऊन उभी, आणि रेघ पिवळी! मी नावं बघितली. मला संशय शेजारच्या क्वाबेनाचा, तो वर्षभर भिंतीपलीकडून आपलं वायफाय फुकट ओढतोय. पण यादीत बघतो तर काय, 'क्वाबेनाचा फोन', 'क्वाबेनाचा फोन', 'क्वाबेनाचा नवा फोन'! आता मंगळवारी जन्मलेला प्रत्येक मुलगा क्वाबेनाच, आणि अंगणात असे किती बसलेत हे त्या अ‍ॅपला काय ठाऊक? मी देवाचं नाव घेतलं आणि त्यातला एक तोडला. तोडला तो नेमका नवरदेवाच्या मामाचा. ते फोन वर धरून तिकडे सुन्यानी गावात अंथरुणावर असलेल्या आपल्या आईला समारंभ दाखवत होते. ते उठून ओरडले, "आई! आई दिसेना!" झालं! त्यांच्याकडच्या बायकांनी डोक्यावर हात ठेवून रडायलाच सुरुवात केली. मी म्हणालो, "अहो, म्हातारी ठणठणीत आहे, मी फक्त वायफाय तोडलं!" तर ते म्हणाले, "तुम्ही? सोयरीक व्हायच्या आधीच तोडातोडी?" मला सगळ्यांदेखत माफी मागावी लागली. (शेजारचा क्वाबेना भिंतीवरून बघून हसत होता. फुकटचं वायफाय आणि फुकटचा तमाशा!) मग मी हिय्या करून सगळ्यांनाच तोडलं आणि लाइन एकट्या तुझ्यासाठी ठेवली.

मग मुख्य गोष्ट. तुझ्या खुर्चीवर कॉम्प्युटर ठेवलेला, त्याला तुझ्या आईनं केंटेचं कापड पांघरलेलं. आपल्या बाजूनं बोलायला घराण्यातले वडीलधारे ओपानिन क्वार्तेंग, हातात काठी. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बिरागो पोरी, आसिएदूची मंडळी या बाटल्या घेऊन आलीत. आम्ही घ्यायच्या का?" तुझ्याकडून काही नाही. कुणीतरी म्हणालं, "चित्र अडकलं." ओपानिननी घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा विचारलं, जरा मोठ्यानं. (म्हाताऱ्याचा आवाज लीड्सला नेटवर्कशिवायही पोचला असता.) तरी काही नाही. तुझ्या आईनं माझा दंड धरला, तिची नखं अजून उमटलेली आहेत. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर बाटल्या आल्या पावली परत जातात आणि नकार साऱ्या गावात होतो, हे तुला मी सांगायला नको. ओपानिननी काठी आपटली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. पडदा काळा.

मग काय, जो तो नेटवर्कला शिव्या घालायला लागला. आसिएदू बिचारा नवा सदरा घालून आलेला, तो सगळ्यांत जास्त बोलला. वडीलधाऱ्यांनी ठरवलं की प्रश्न पुरा झालाच नाही, तर नकारही झाला नाही. बाटल्या आपल्याकडे झाकून ठेवल्यात. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी पुन्हा बसायचं. भात आणि बकऱ्याचं मटण मात्र दोन्हीकडच्यांनी संपवलं. तर तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळा दोष नेटवर्कचा.

तुझाच,
मेन्सामामा

ता. क. आईनं तुझ्यासाठी शितोच्या तिखट चटणीची बाटली दिली आहे. पत्र आणणाऱ्या बाईंकडून मागून घे, नाहीतर त्या विसरतील.

ता. क. दुसरा. वरचं पत्र तुझ्या आईनं वाचून मग दिलं. हे पाकीट चिकटवताना लिहितोय. बिरागो, रेघ हिरवी होती. सगळ्यांना तोडल्यापासून शेवटपर्यंत हिरवीगार. चित्रही अडकलं नव्हतं. तू दगडासारखी बसली होतीस, पण तुझ्या मागे ओट्यावरच्या किटलीतून वाफ निघत होती, आणि ती हलत होती. बाकीचे तुझं तोंड बघत होते, वाफ मी एकट्यानंच बघितली. आणि नेटवर्क आपोआप गेलं नाही, मी पायानं वायफायची वायर उपटली.

ता. क. तिसरा. पोरी, आसिएदू वाईट नाही, पण तू त्याला एका मयतीला बघितलंस तेवढंच, आणि तुला कुणी धड विचारलंच नाही, मीही नाही. आता विचारतो. हो असेल तर पुढच्या वेळी तीनदा मोठ्यानं म्हण, मी शेजारच्या क्वाबेनालासुद्धा वायफाय देईन. नाही असेल तर पडद्यासमोर यायचंच नाही. बाटल्या मी स्वतः उचलून परत नेईन आणि सांगेन, मामाला स्थळ पसंत नाही. आपल्यात मामानं नाही म्हटलं की तुझ्या बापालाही पुढे बोलता येत नाही. तुझी आई वर्षभर माझं तोंड बघणार नाही, गल्ली म्हणेल म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणू देत. तू फक्त हो की नाही एवढं कळव, पुढचं मी बघतो.