अकरापैकी आठ घरं

प्रिय साधना,

त्या सकाळी माझा गोठा झाडून झाला होता, म्हशीची धार काढून झाली होती आणि चुलीवर तवा तापत होता. तुझे भाऊजी उंबऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करताच म्हणाले, "अगं, आपला नदीवरनं आणलेला पाइप किती घरांच्या बांधाखालनं गेलाय?" मी म्हटलं, "अकरांच्या. चर खांदून हाताला फोड आले, इतक्यात विसरलात व्हय?" ते हसले. म्हणाले, "मग नियम बी अकरांचाच. एक घर रुसलं आन् त्यानं आपल्या बांधात कुदळ घातली तर खालची समदी घरं कोरडी." आणि त्यांनी लिहिलं की अकराही घरांच्या संमतीशिवाय पाण्याच्या पाळीत बदल होणार नाही. मी भाकरी थापत ते ऐकलं आणि मला ते इतकं सरळ वाटलं, की त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच मनात आलं नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. ते जाऊन तीन.

तुला पत्र लिहितेय याचं तुला नवल वाटेल. नदीच्या अलीकडे वस्तीवर मी, पलीकडे यवतला तू, आणि हातात फोन असताना. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, केंदूरच्या शाळेत होतीस तेव्हापासून तुझी ती सवय आहे. आणि हे मला एका दमात सांगता येण्यासारखं नाही. मला स्वतःलाच ते नीट कळलेलं नाही.

ठरावाची वही ते गेल्यापासून माझ्याकडेच आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हाती वही दिली म्हणून सुरुवातीला दोघातिघांनी तोंडं वाकडी केली, पण अक्षर वाचता येतं म्हटल्यावर गप्प झाले. वाचनाचा नाद त्यांनीच लावला. ते होते तेव्हा एकेक पान मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि चुकलं की न हसता परत वाचायला लावायचे. आता मी मनात वाचते. तरी अवघड शब्द आला की अजून क्षणभर थांबते, कोणी सांगेल म्हणून.

दिवाळीनंतर शिक्रापूरला रद्दीच्या दुकानात मला एक पुस्तक मिळालं. कंपनीत कामाला असलेला कोणी खोली सोडून गेला असेल, त्याच्या सामानातलं. वरचा पुठ्ठा नव्हता. अमेरिकेचं सरकार पहिल्यांदा कसं उभं राहिलं त्याची ती गोष्ट. मला वाटायचं, लढाई जिंकली की राज्य होतंच. तसं नसतं गं. इंग्रजांच्या राजाला हाकलल्यावर त्यांची तेरा राज्यं झाली, आणि जो तो आपापल्या बांधात. सगळ्यांची मिळून एक बैठक होती, पण तिथं राज्य लहान असो की मोठं, मत एकच. बैठकीनं कोणाकडून काही घ्यायचं नाही, नुसतं मागायचं आणि वाट बघत बसायचं. आणि नियम बदलायचा तर तेराही जणांनी हो म्हणायला हवं. ऱ्होड आयलंड नावाचं एक चिमुकलं राज्य होतं, ते एकदा नाही म्हणालं आणि बाकीची बारा तिथंच अडली. ते वाचून मी एकटीच हसले. आपल्या वस्तीचं या माणसाला कोणी सांगितलं?

रागावू नकोस. त्या वेळी मला वस्तीतलं तुझंच घर आठवलं.

तुला सगळं माहीत आहे, पण तरी सांगते, म्हणजे माझं मलाच नीट लागेल. फेब्रुवारीतच नदी जॅकवेलपासून, म्हणजे मोटर पाणी ओढते त्या काठावरच्या विहिरीपासून, लांब सरकते आणि मोटर नुसती हवा ओढते. जॅकवेल खाली डोहाजवळ न्यायची हे अकराही घरांना मान्य होतं. पण सोपानराव आबा आणि वरच्या अंगाची मोठी घरं म्हणाली, नवी जॅकवेल करायची तर पाळीही नवी. आजवर प्रत्येक घराला आठ तास होते. आता ज्याचं जितकं रान, तितके तास. तुझं पंधरा गुंठे रान. त्यातल्या झेंडूला आठ तास लागत नाहीत हे मला ठाऊक आहे. उरलेलं पाणी तुझ्या सासूबाई, गिताकाकू, शेजारच्या वावरात सोडतात आणि त्या बदल्यात शेजारी त्यांचं रान नांगरून देतात, फुलं बाजारात नेतात. म्हातारीचे तास गेले की तिला कोणाच्या दारात जाऊन हात जोडावे लागतील. म्हणून तू यवतहून सही दिली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही दिली नसती.

मग मी काय केलं, तर वस्तीच्या बैठकीत पुस्तकातलं सांगितलं. तिथंही हेच भांडण होतं. मोठी राज्यं म्हणायची माणसं मोजा, लहान म्हणायची राज्यं मोजा. शेवटी त्यांनी दोन सभागृहं केली. एकात माणसं मोजली, दुसऱ्यात प्रत्येक राज्याचे दोघे. मी म्हटलं, आपणही दोन्ही धरू. तास रानाप्रमाणे, पण कोणत्याही घराला तीन तासांच्या खाली नाही. आबा मिशीला हात लावून म्हणाले, "नकुशीबाई, तीन म्हंजी लय झालं, पण असू द्या." रोहिदास ओरडला, "वहिनी, तुम्हाला आता दिल्लीलाच धाडाय पायजे!" सगळे हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ते गेल्यापासून माझ्या बोलण्यावर इतकी माणसं पहिल्यांदाच थांबली होती.

पण अकरा सह्यांचा नियम होताच. मी पुढचं वाचलं. फिलाडेल्फिया नावाच्या गावात त्यांची माणसं जमली ती जुना नियम दुरुस्त करायला, आणि बाहेर आली ती नवाच नियम लिहून. त्यात त्यांनीच लिहिलं की तेरांपैकी नऊ राज्यांनी हो म्हटलं की झालं. ही परवानगी त्यांना कोणी दिली? ते पान मी चार वेळा वाचलं, मला सापडलं नाही. ऐन उन्हाळ्यात त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. हे मी रोहिदासला सहज सांगितलं आणि त्यानं ते उचललं. बैठकीच्या दिवशी मोटरच्या खोलीत सगळे शिरले आणि त्यानं आतून कडी घातली. "लावा रं दार, आज आपली अमेरिका हाय!"

मी दाराजवळच्या झरोक्याखाली वही घेऊन बसले होते. त्या खोलीत मी एकटीच बाई. पुस्तकातल्या त्या सभेत तर एकही नव्हती. आणि जे लोक गुलाम म्हणून राबत होते त्यांना तिथं मोजलं कसं, तर पाच माणसांची तीन धरून, तेही मालकांच्या राज्याचं वजन वाढावं म्हणून. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी परत उघडलं. इतकी शहाणी माणसं, त्यांनी उभं केलेलं घर अजून उभं आहे, आणि पायात हे असलं काही पुरलेलं. मग ते घर चांगलं म्हणायचं की वाईट? ह्यांना विचारलं असतं. त्यांनाही सांगता आलं नसतं बहुतेक, पण दोघांना मिळून कळलं नसतं तर इतकं जड गेलं नसतं.

अकरापैकी आठ घरांच्या सहीवर बदल होईल, असा ठराव झाला. हजर दहा घरं, दहाही सह्या. दहाव्या जागी माझी. तुझ्या घरापुढे मी लिहिलं, गैरहजर.

दुसऱ्या आठवड्यात तू गिताकाकूंना फोनवर बोललीस ते मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलं. "एवढं सांगून धाडलं, आन् तुम्ही गेलाच न्हाई!" फोन ठेवल्यावर काकू मला म्हणाल्या, "गेले व्हते गं मी. दार लावल्यालं. मला वाटलं, बायामाणसाचं काम नसंल आज." आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्याले.

साधना, मी त्यांना पाहिलं होतं. झरोक्यातून. हिरवं लुगडं, हातात तू नकार लिहून दिलेला कागद घडी घालून. त्या दाराशी आल्या, दाराला हात लावला, जरा वेळ उभ्या राहिल्या. मी नुसती उठले असते तरी कडी माझ्या हाताला आली असती. माझ्या मनात इतकंच आलं, की या आत आल्या की परत सगळं अडणार, आणि मी मांडलेलं सगळं वाया जाणार. मी वहीत खाली बघितलं. वर बघितलं तोवर त्या बांधावरून परत निघाल्या होत्या.

आता डोहाजवळ जॅकवेलचं काम निघालं आहे. सगळी वस्ती खूश आहे. मी केलं ते चांगलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. पुस्तकात शेवटी ऱ्होड आयलंडही आलं. पण सगळ्यात शेवटी, नवं सरकार सुरू होऊन वर्ष उलटल्यावर, आणि बाकीच्यांनी त्याचा व्यापार बंद पाडायचा घाट घातल्यावर. याला आपणहून येणं म्हणतात का? लेखक पुढच्या ओळीत दुसऱ्याच विषयाकडे वळला. बोट ठेवून मी तिथंच बसून राहिले.

हे पत्र एवढ्यासाठी, की तू गिताकाकूंना बोल लावू नकोस. त्या गेल्या होत्या. तुझं घर गैरहजर नव्हतं. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर तेही मी समजेन, पण म्हातारीला फोन कर.

तो चहा पिऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली, 'गैरहजर' या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'गिताबाई वेळेवर आल्या होत्या. दार आतून लावलेलं होतं. मी पाहिलं आणि उघडलं नाही.' खाली सही केली, आणि ते वाचून दाखवायला वही घेऊन सोपानराव आबांच्या घरी गेले.

तुझीच,
नकुशी