पाठमोरा स्वयंपाक

१ मार्च, रविवार

आज परत हॉटेलात! इथे राहायला आल्यापासून हे तिसरं. सूनबाई म्हणते, "आई, दर रविवारी एक नवीन. तुम्हाला सगळं शहर खाऊ घालते." मुलगा लांबच्या ट्रकवर, तो काय सापडतोय! म्हणून आम्ही तिघीच — मी, ती आणि नात, आमची भिंगरी.

वेटरने माझी खुर्ची मागे ओढली तर मी उभीच. वाटलं, उठवतोय की काय! भिंगरी हसून हसून टेबलाखाली. मग मासा आला, डोक्यासकट, टक लावून माझ्याकडेच बघत. म्हटलं, बाबा, तू आधी डोळे मीट, मग मी तोंड उघडते.

थाट मोठा. चव मात्र खारट आणि तिखट, बस्स. पुढे काही नाहीच. त्या आधीच्या दोन हॉटेलांतही तेच. शहरातल्या खाण्यात राम नाही, असं ठरवून मोकळी झाले. आल्या आल्या सर्दी झाली होती, ती मात्र आता बरी आहे.

४ मार्च

खालची शिंपीण दार बडवत आली. "अहो आजी, काय जळतंय? माझ्या मशीनपर्यंत वास आला!"

मी ओट्यापाशीच होते. हाताच्या अंतरावर. पाठ करून भाजी निवडत बसलेले. वळून बघते तर कांदा काळा ठिक्कर!

आता माझी पद्धतच तशी. सासूबाईंनी लावलेली. कढईकडे बघत उभं राहिलं की म्हणायच्या, "काय गं, कांदा पळून जाणारे का?" तेव्हापासून कांदा टाकायचा आणि पाठ फिरवून दुसरं काम. झाला की नाक हाक मारतं. चाळीस माणसांचं जेवण केलंय मी असं, पाठमोरं.

आज नाकाने हाक मारली नाही.

५ मार्च

सूनबाई कामावर, भिंगरी शाळेत. दार लावून घेतलं आणि एकेक हुंगून पाहिलं. साबण — काही नाही. लसूण ठेचला — काही नाही. कच्चा कांदा नाकाला लावला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण वास? छे! शेवटी फिनेलची बाटली उघडली. नुसती आग झाली नाकात.

म्हणजे शहर बिचारं बरं होतं. मीच बिघडलेय.

८ मार्च, रविवार

चौथं हॉटेल. गरम गरम सूप, वर मलईची नक्षी! मी उगाच "वा, काय वास सुटलाय!" म्हटलं. खोटं बोलताना कान तापले. सूनबाईने स्वतःच्या वाटीत मिरपूड ओतली, अक्षरशः ओतली, आणि म्हणाली, "हो ना! छानच." तिला कुठलंही हॉटेल छानच लागतं.

मग म्हणाली, "आई, पुढच्या सोमवारपासून मला दुपारची पाळी. भिंगरी शाळेतून येईल तेव्हा तुम्ही दोघीच. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो."

मी नुसतं सूप ढवळत राहिले.

११ मार्च

आज भात लागला. भिंगरीने नाक मुरडलं, "ई, आजी, करपलाय!" सूनबाई मात्र गुपचूप दोन वेळा वाढून घेऊन जेवली. "छान झालाय," म्हणाली. माझं मन राखते बिचारी. त्याने तर आणखीच मेल्यासारखं झालं.

१५ मार्च

आज कुठेच गेलो नाही. पोट दुखतं म्हटलं.

१७ मार्च

लिहिता येत नाहीये धड.

दूध ठेवलं होतं. मी नेहमीसारखी पाठमोरी, शेंगा सोलत, गाणं गुणगुणत — आनंदात होते हो! भिंगरी दप्तर टाकून आत आली. "आजी, शी! कसला घाण वास येतोय गं?"

वळून बघते तर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, आणि गॅस तसाच सुटलेला. आणि पोरगी दिव्याच्या बटणाकडे हात नेतेय!

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आज अशी ओरडले की ती जागच्या जागी रडायलाच लागली. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला उचलून जिन्यात नेऊन बसले.

"आजी, तू का थरथरतेस?"

"थंडी वाजतेय गं," म्हटलं. ऊन मी म्हणत होतं.

१८ मार्च

सूनबाईला सांगायला हवं. सांगितलं की स्वयंपाकघर गेलं. मग मी इथे कशाला? त्या माझ्या एकटीच्या खोलीत परत. तिथे दिवसभर बोलायला भिंती. हे गेल्यापासून एकेक संध्याकाळ कशी काढलीय, माझं मला ठाऊक.

आणि नाही सांगितलं तर? तो बटणाकडे गेलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या सकाळी सांगणार. ती कामावर जायच्या आत.

१९ मार्च

सांगितलं. सूनबाई मटकन खालीच बसली. मग म्हणाली, "आई, दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापात मला वास यायचा थांबला, तो परत आलाच नाही. यांनाही बोलले नाही मी. कधी दूध उतू जायचं, कधी काही... घरात एक नाक हवं, म्हणून तर तुम्हाला बोलावून घेतलं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग दोघी एकदमच उठून स्वयंपाकघराकडे धावलो. गॅसचं बटण बंद होतं. तरी तिने दाबून पाहिलं, मग मी दाबून पाहिलं.

भिंगरी शाळेत गेली होती.